बेसचे स्पीकर

हेमराजला ‘नाही’ म्हणता येत नसे, आणि यात चांगुलपणाचा काही भाग नव्हता. ‘न’वर त्याची जीभ अशी अडकायची की समोरचा वाट बघून कंटाळायचा आणि होकार समजून चालू लागायचा. त्याच्या ऑफिसातल्या चंचलनंही तेच केलं. सुरतेतल्या हौशी सॉफ्टवेअरवाल्यांचं संमेलन तिच्या गळ्यात पडलेलं. डेटाबेसवर बोलणारा वक्ता शोधायचं काम तिनं हेमराजच्या गळ्यात टाकलं. “स्पीकर न मळे तो तू ज बोलजे हं,” वक्ता नाहीच मिळाला तर तूच बोल, असं सांगून ती गेलीसुद्धा, तेव्हा हेमराज अजून ‘न’वरच उभा होता.

लिहायला मात्र गडी पटाईत. त्यानं साऱ्या गावाला मेसेज धाडले. उत्तरं आली ती ‘जोईशुं’ अशी, आणि ‘बघू’ म्हणणारा सुरती माणूस पुढं काय बघतो, हे सुरतेच्याच बमरोलीत वाढलेल्याला वेगळं सांगायला नको. शेवटी त्यानं खानदेशी मंडळींच्या ग्रुपवरही टाकलं: ‘रविवारच्या कार्यक्रमाला डेटा बेससाठी चांगला स्पीकर पाहिजे.’

लगेच सुकलालमामाचा निरोप आला: ‘भाचा, काळजी करू नको. मी लई येसू.’ घेऊन येतो म्हणे.

मामाचा वरातींचा डीजे होता. त्याच्या गाण्यांवर मिलमालकांची पोरं नाचलेली, तेव्हा ओळखीतला एखादा इंजिनियर असेलच, असं हेमराजनं स्वतःला पटवलं. घाबरलेल्या माणसाला काहीही पटतं. फोन करून विचारायला हवं होतं, पण फोन म्हणजे पुन्हा बोलणं आलं.

रविवारी हॉलच्या दारात टेम्पो लागला. मामानं ताडपत्री ओढली. आत कपाटाएवढे दोन स्पीकर.

“डेटा काय ऱ्हास ते माले माहीत नही,” मामा खुशीत म्हणाला, “पन बेस असा शे का भिती हालतीन!”

 मामानं हेमराजसाठी रविवारची वरात सोडली होती. त्याला परत पाठवायचं तर पुन्हा तोच ‘न’. चंचल हसून हसून बेजार झाली, मग तिनं घड्याळ बघितलं आणि माइक हेमराजच्या हातात दिला. “चाल, तू ज.”

हॉल भरलेला. एसीसाठी दारं लावून घेतलेली. मामा स्टेजशेजारी मशीन लावून बसला.

“डे... डे... डे...”

भिंती खरोखरच हालल्या. पुढच्या रांगेतल्या बाईंनी मान खाली घातली, मागून कुणीतरी खुदकन हसलं. ज्या घशात हेमराज लहानपणापासून कोंडलेला होता, तो घसा मामानं आज कपाटाएवढा करून ठेवला होता. त्याला पळावंसं वाटलं. त्यानं माइक खाली घेतला.

तेवढ्यात मामा उठून ओरडला, “ए भाचा, थांबू नको! टेस्टिंग चालू शे. आखो एकदाव म्हन!”

हसणारा गप्प झाला. माइक तपासताना शब्द पुन्हा पुन्हा म्हणतात, त्यात कसलं हसू?

“डे... डे...”

“आखो!”

मामाचा हात मशीनवर नव्हताच. हे फक्त हेमराजला दिसत होतं. लहानपणी त्याला दुकानातून साखरसुद्धा मागता येत नसे, तेव्हा शेजारी उभा राहणारा मामा हाच.

“डे... डेटाबेस.”

“आते बरोबर,” मामा म्हणाला.

आता लोकांना नमस्कार म्हणायचं होतं. म्हणजे ‘न’. हेमराजनं मामाकडे बघितलं. मामा खाली बसला नव्हता.