लाल पेनाचे तास

प्राजक्ता मॅडमचा वेळेच्या नियोजनावर फार जीव. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला येऊनही आमच्या अंगात शिस्त नाही, म्हणून त्यांनी वर्गातल्या प्रत्येकाला एक तक्ता दिला. आठवडाभर तासातासाला काय केलं ते खरं लिहायचं, वाया गेलेला वेळ लाल पेनाने रंगवायचा, कामी आलेला निळ्याने, आणि खाली पालकांची सही आणायची.

मी खरं लिहिलं. हीच माझी अक्कल. ताम्हिणीहून पौडला जाण्यायेण्यात रोज तीन तास, लाल. एसटीची वाट बघण्यात एक तास, लाल. सर न आल्याने बुडालेली लेक्चरं, लाल. निळ्यात उरले दिवसाला सगळं धरून जेमतेम दोन तास. इतकं खरं मी देवापुढेही बोललेली नाही. मॅडम माझा तक्ता वर्गाला दाखवतील, अशी मला आशा होती.

आमचा घाटात ढाबा आहे. आबा, म्हणजे माझे वडील, चौथी शिकलेले, पण न वाचता सही करणारा माणूस नाही. गल्ल्यावर बसून त्यांनी बोट फिरवत अख्खा तक्ता वाचला आणि मला समोर बसवलं.

"लाल म्हंजी फुकट गेल्याली येळ ना?"

"व्हय."

"आन् तूच रंगवलीस?"

"व्हय."

"मग दोन तासापायी सगळा दीस कशाला जाळायचा, राणी? कॉलेजातनं नाव काढू. बाहेरून परीक्षा देता येती. कुशाबाच्या पोरीनं न्हाई का दिली?"

मी म्हटलं, हजेरी लागते. म्हटलं, अडलं तर विचारू कुणाला. आबा दरवेळी शांतपणे लाल रकान्यावर बोट ठेवायचे. चिडले असते तर मीही भांडले असते. पण माणूस मनापासून माझ्या भल्याचं बोलत होता. आपलेच दात, आपलेच ओठ.

खरं सांगायचं तर एसटीतल्या त्या तीन तासांसाठीच मी कॉलेजात जात होते. खिडकीशी बसलं की 'राणी, चहा टाक' म्हणणारं कुणी नसायचं. पुढे काय व्हायचं, कुठे राहायचं, ते मी तिथे रोज नव्याने ठरवायचे. हे आबांना सांगायला तोंड उघडलं आणि लाजून मिटलं.

सोमवारी ते स्वतः पौडला जाऊन माझं नाव काढून आले.

आता पाच ते सात मी मागच्या खोलीत असते. आबा दाराबाहेर खुर्ची टाकून बसतात, कुणाला आत सोडत नाहीत, चहा स्वतः आणून देतात. पोरीचा आता एकही तास वाया जात नाही, असं गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगतात.

सातला दार उघडून ते विचारतात, "झाला का गं अभ्यास?"

मी व्हय म्हणते आणि भाकरी थापायला बसते. तीन आठवडे झाले, पुस्तक एकाच पानावर आहे.