नळवाल्याचा डबा

नळवाल्याच्या धाकट्या बहिणीला बेचाळिसाव्या वर्षी पहिलं मूल झालं, त्या वर्षाची ही गोष्ट. घरात त्या वर्षाला कुणी आकड्याने ओळखत नाही, ‘बाळाचं वर्ष’ म्हणतात. चार डॉक्टर आणि एक सासू यांनी आशा सोडल्यावर बाळ झालं होतं, आणि झाल्यापासून त्याने रडण्याचं काम अंगावर घेतलं होतं. बहिणीकडे राहणारे वडील त्या रडण्याला जागा करून देण्यासाठी आपली पेटी आणि काठी घेऊन मुलाकडे राहायला आले.

वडिलांना सगळे आण्णा म्हणत. तेही नळवालेच होते. मुलगा काम त्यांच्याच हाताखाली शिकला, पण शिकताना दोघांचं कधी पटलं नाही. आण्णा सरळ काही सांगत नसत. वाकड्या बसवलेल्या जोडाकडे बघून ते विचारत, “पाणी कुठून कुठे जाणार?” आणि गप्प बसत. मुलगा पाना आपटून पुन्हा कामाला लागे. तेवीस वर्षांनी दोघे पुन्हा एका छपराखाली आले होते, आणि घरातलं वातावरण गच्च भरलेल्या टाकीसारखं होतं. वाहत नव्हतं, पण हात लावायला कुणी धजत नव्हतं.

आण्णांचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, “पुढच्या वर्षीचं काही ठरवू नका. यंदा काय हवं ते करू द्या.” आण्णांना विचारलं, तर ते म्हणाले, “समुद्रात पोहायचंय.” डॉक्टर म्हणाले, “दमू नका, मग पोहा.”

नळवाल्याची लेक दवाखान्यात कागदपत्रांच्या खिडकीवर बसायची. पगारातून मागे टाकून तिने एक चांगला कॅमेरा घेतला होता. बटण दाबलं की रोल आपोआप पुढे सरकायचा. आजोबांचे घरात जेवढे फोटो होते, तेवढे सगळे खुर्चीवरचे होते. गुडघे दुमडलेले, हात काठीवर, चेहरा असा की चौकीत बसवून ठेवलंय. आत्या मात्र सांगायची की पाण्यात आण्णा वेगळेच दिसतात, कंबर सरळ होते, वीस वर्षं गळून पडतात. लेकीला तो फोटो हवा होता. आजोबा पाण्यातले. एकच हवा होता, आणि डॉक्टरांच्या बोलण्यावरून तो यंदाच निघणार होता, नाहीतर कधीच नाही.

किनाऱ्यावरून ते दिसले नसते, कारण आण्णा आत जाणार. म्हणजे कॅमेराही पाण्यात न्यायला हवा. म्हणून एका रविवारी बापलेक कॅमेऱ्याच्या दुकानात गेले.

दुकानदाराने काऊंटरवर एक जाड प्लॅस्टिकची पिशवी ठेवली. तोंडाला दुहेरी पट्टी, पुढे गोल काच.

“ही घाला, गुडघाभर पाण्यात, कमरेएवढ्या पाण्यात बिनधास्त जा.”

नळवाल्याने पट्टी उघडली, मिटली, बोटांनी दाबली. “आमच्याकडे यात भाजी ठेवतात.”

“बाबा,” लेक म्हणाली.

“ठेवतात ना. तीसुद्धा ओली होते.”

दुकानदाराने न रागावता दुसरी वस्तू काढली. कडक कवच होतं, चार खटक्यांचं, आत काळी रबरी कडी. किंमत ऐकून लेकीने ते उचललंसुद्धा नाही. जवळजवळ कॅमेऱ्याइतकीच होती.

“मग पिशवीच द्या,” ती म्हणाली.

“थांब,” नळवाला म्हणाला. “अठ्ठावीस वर्षं मी लोकांच्या घरातलं पाणी अडवतोय. आणि माझ्या पोरीचा कॅमेरा भाजीच्या पिशवीत? चार दिवस दे मला.”

“घेऊन तर ठेवा,” दुकानदार म्हणाला. “नाही लागली तर भाजीला होईल.”

यावर नळवाला हसला असता तर बरं झालं असतं. तो दुकानाबाहेर पडला. लेकीने एकदा पिशवीकडे बघितलं, एकदा बापाच्या पाठीकडे, आणि पिशवी तिथेच ठेवली. बापाला दुखवायचं नाही म्हणून तिने जे काही केलं, त्यात हे सगळ्यात महाग पडलं.

चार दिवसांत डबा तयार झाला. वस्तू बघण्यासारखी होती, हे मान्य करायला हवं. पोलादी डबा, पुढे पाण्याच्या मीटरची जाड काच, कॅमेऱ्याचं बटण दाबायला तोटीच्या दांड्यासारखा दांडा, त्याला दोन वायसर. झाकण मात्र त्याने मन लावून केलं. कुकरच्या झाकणासारखं ते डब्याच्या आत शिरून, कडेच्या रबराला खालून वर दाबून बसायचं. बायको म्हणाली, “यात फोटो काढायचेत की तिजोरी न्यायचीय?” पण तीही दोनदा हात फिरवून गेली.

मग त्याने डबा तपासला. नळवाला कुठलंही काम जसं तपासतो तसाच. खाली भोक पाडलं, हातपंपाची नळी जोडली, आत पाणी भरून दाब दिला, आणि डबा रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवला. सकाळी कागद कोरडा ठाक. त्याने भोकात बोल्ट घट्ट बसवला, डबा फडक्याने पुसून उन्हात ठेवला आणि चहा मागितला.

आण्णा खिडकीपाशी बसून बघत होते.

“पाणी आत भरून बघितलंस?”

“मग काय. रात्रभर. टिपूस नाही.”

“हं.”

“हं काय?”

“डबा बुडवणार कशात?”

“समुद्रात. आणखी कशात बुडवू, आण्णा?”

“हं,” आण्णा म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.

नळवाल्याचा चहा तिथेच कडू झाला. आयुष्यात एकदा तरी या माणसाने ‘बरं झालंय’ म्हणावं, एवढंच त्याचं मागणं होतं. त्याने पुढे काही विचारलं नाही.

किनाऱ्यावर त्यांनी एका साध्या लॉजमध्ये दोन खोल्या घेतल्या, तीन दिवसांसाठी. पहिला दिवस प्रवासाच्या थकव्यात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी शांत होतं. आण्णा वाळूवरून नातीचा हात धरून, पावलं मोजत चालले. पाणी गुडघ्याला लागलं, मांडीला लागलं, तशी त्यांनी काठी मुलाच्या हातात दिली आणि पुढे झुकले. पुढचं बघून नळवाला काठी धरून उभाच राहिला. घरात बाथरूमपर्यंत जायला ज्यांना भिंत लागे, ते आण्णा सावकाश, लांब हात टाकत, कुणाचं काही देणं नसल्यासारखे निघाले होते.

लेक छातीभर पाण्यात पोचली. तिने डबा पाण्याखाली धरला आणि दांडा फिरवला. एकदा, दोनदा. आण्णा वळून तिच्याकडे येत होते. तेवढ्यात झाकणाच्या कडेने बुडबुड्यांची बारीक माळ वर आली. मीटरच्या काचेमागे पाण्याची रेघ दिसली. ती रेघ चढत चढत कॅमेऱ्याच्या डोळ्यावरून गेली.

ती ओरडली नाही. डबा दोन्ही हातांत धरून चालत बाहेर आली.

“बाबा, आत पाणी आलंय.”

“शक्य नाही.”

तिने डबा वाकडा केला. काचेआड पाणी या बाजूचं त्या बाजूला गेलं.

कॅमेरा मेला. रोलसुद्धा खाऱ्या पाण्यात एकमेकाला चिकटून गेला. लेकीने तो टॉवेलमध्ये गुंडाळून बॅगेत ठेवला आणि दिवसभर कुणाशी बोलली नाही. रागावली असती तर नळवाल्याला उत्तर देता आलं असतं. बायको एवढंच म्हणाली, “लोकांच्या घरी कोरडं करत फिरता, आणि आपल्या घरी हे.” तेही हळू आवाजात.

दुपारी लॉजच्या ओट्यावर नळवाला डबा मांडीवर घेऊन बसला. आण्णा शेजारी येऊन टेकले.

“कुकरचं झाकण घट्ट कशाने बसतं?”

“वाफेने.”

“वाफ कुठे असते?”

“आत.” नळवाल्याने झाकणावर अंगठा ठेवून वरून दाबलं. झाकण सुटून खाली आत गेलं, रबरापासून बोटभर. त्याने हात काढला. झाकण वरच्या स्प्रिंगने पुन्हा वर आलं. तो पुष्कळ वेळ तेच करत बसला.

“नळात पाणी आत असतं,” आण्णा म्हणाले. “तू नळ तपासलास.”

“तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं.”

“वाटलं होतं.”

“मग सांगायचं होतं ना.”

“विचारलं होतं की. डबा कशात बुडवणार म्हणून.”

“असं सांगतात होय, आण्णा? सरळ म्हणायचं, अरे गाढवा, झाकण उलटं बसवलंयस.”

“सरळ सांगितलेलं तू कधी ऐकलंस?”

नळवाल्याने डबा मांडीवरून खाली ठेवला. आण्णाच पुढे म्हणाले, “तरी सांगायला हवं होतं. पोरीचा कॅमेरा होता.” एवढं त्यांनी याआधी कधी कबूल केलं नव्हतं. नळवाल्याला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. फोटो निघालेला नव्हता, आणि दिवस एकच उरला होता.

संध्याकाळी तो किनाऱ्यावरच्या टपरीवर गेला. तिथे चेंडू, टोप्या, रबरी चपला यांच्यामध्ये एकदाच वापरायचे कॅमेरे टांगलेले होते. पारदर्शक प्लॅस्टिकच्या खोक्यात बसवलेले, बाजूला चाक, वर रबराने ताणून ओढायचा खटका. पोरांचं खेळणं वाटावं असे. नळवाल्याने त्यातला एक काढून फिरवून फिरवून बघितला. जोड बाहेरून बसवलेला होता. बाहेरून दाबलं की आवळत होता.

“पाण्यात चालतो?”

“त्यासाठीच आहे,” टपरीवाली म्हणाली. “सत्तावीस फोटो निघतात. मग मोडून रोल काढायचा.”

“एक द्या.”

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने तो कॅमेरा लेकीपुढे धरला. तिने तो हातात घेतला, बघितला, आणि म्हणाली, “मी नाही काढणार. हाही गेला तर मला नाही बघवणार.”

“तिला कशाला त्रास,” आण्णा म्हणाले. “डबा तुझा होता. फोटो तू काढ.”

“मला पोहता येत नाही.”

हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण मोठ्याने कुणी म्हणत नसे. नळवाल्याच्या लेखी पाणी नळीत असायचं, टाकीत असायचं. उघड्यावरच्या पाण्याचा त्याला भरवसा नव्हता.

“उभं राहता येतं ना? छातीपर्यंत ये. पुढचं मी बघतो.”

तो गेला. पायांखालची वाळू सरकत होती आणि प्रत्येक लाटेला त्याचे खांदे कानापर्यंत जात होते. आण्णा त्याच्याभोवती सावकाश फेरी मारत पोहत होते. मध्येच थांबून, पाय टेकून, ते सरळ उभे राहत. नळवाला चाक फिरवत होता, खटका ओढत होता, काय दिसतंय ते न बघता. एकदा लाट तोंडावरून गेली आणि तो बुडालो असं समजून घट्ट डोळे मिटून उभा राहिला. डोळे उघडले तेव्हा आण्णांनी त्याचं कोपर धरलेलं होतं.

“श्वास घे,” आण्णा म्हणाले. “पाणी गेलं.”

किनाऱ्यावर लेक गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. थोड्या वेळाने ती उठून पाण्याच्या कडेला येऊन उभी राहिली. सत्तावीस संपेपर्यंत ती तिथेच होती.

घरी परतल्यावर रोल धुतला गेला. सत्तावीसपैकी अकरा नुसत्या आभाळाचे होते. सहा पाण्याचे. कानाचा एक, पाठीचे दोन. बाकीच्यांत काय आहे ते फोटो धुणाऱ्यालाही सांगता आलं नाही. एकच फोटो नीट आला. त्यात आण्णा छातीपासून वर पाण्याबाहेर आहेत, ताठ, केस डोक्याला चिकटलेले, एक हात पुढे केलेला, तोंड उघडं. फोटोच्या डाव्या कोपऱ्यात एक मोठा गुलाबी डाग आहे. तो नळवाल्याचा अंगठा आहे, काचेसमोर आलेला. फोटो बघणाऱ्याला वाटतं आण्णा हसतायत. खरं म्हणजे ते म्हणत होते, “अरे, अंगठा काढ.” या खेपेला त्यांनी सरळ सांगितलं होतं. लाटेच्या आवाजात नळवाल्याला ऐकू गेलं नाही.

फोटो मोठा करायला दिला तेव्हा स्टुडिओवाल्याने विचारलं, “हा कोपरा कापून टाकू? फ्रेमला बरं दिसेल.”

नळवाला म्हणाला, “कापा.”

लेक म्हणाली, “राहू द्या.” आणि बापाकडे न बघता पुढे म्हणाली, “तुम्ही पाण्यात होतात, हे नाहीतर कुणाला खरं वाटणार नाही.”

फोटो अंगठ्यासकट लागला, जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर. आण्णा रोज त्याच्यासमोर बसून जेवत, आणि वर बघून कधी कधी म्हणत, “अंगठा बरा आलाय.” नळवाला पोळीचा तुकडा मोडत मान खाली घालून हसे.

समुद्रावरून आल्यानंतर पाचव्या महिन्यात, एका गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास, आण्णा गेले. त्यांचं वय एकोणऐंशी होतं.