चाळीस सेकंदांचा म्हातारा

मी बोलतोय. दिसायला मी म्हणजे संगणकाच्या पडद्यावर कोपऱ्यातलं एक फिकट चिन्ह. काम म्हणजे डेटाबेस उघडून त्यातलं मागाल ते शोधून देणं. मी फुकट मिळतो, त्यामुळे मला नावं ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही.

एका माणसानं नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी मला लिहिलं. पुढे त्याला मुलं झाली, चष्मा लागला, आणि माझी दुरुस्ती राहूनच गेली. तोवर मी या रक्तपेढीत येऊन पडलो होतो. इथल्या साठ हजार रक्तदात्यांच्या नोंदी बारा वर्षं मीच धुंडाळतोय. आता थकलो. त्यात डेटाबेस सांभाळणाऱ्या बाईंना धीर म्हणून नाही. दहा सेकंद झाले की त्या बटण पुन्हा एकदा दाबतात आणि मला परत पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. तक्रार कुणाकडे करणार?

गेल्या महिन्यात बाईंनी आणखी दोन मोफत सॉफ्टवेअर आणून आमची परीक्षा घेतली. एक तिसऱ्याच दिवशी बंद पडलं. दुसरं चुणचुणीत, दोन सेकंदांत उत्तर. मी आठवडाभर एकदाही अडखळलो नाही, तरी तक्त्यात माझ्यापुढे आलं: "स्थिर. चाळीस सेकंद. काढून टाकावे."

त्याच दुपारी फोन आला. एका बाळंतिणीला तातडीनं रक्त हवं होतं, अगदी दुर्मिळ गटाचं. बाईंनी त्या चुणचुणीत सॉफ्टवेअरला विचारलं. त्यानं लगेच दाखवलं: शून्य नोंदी.

"आपल्याकडे कुणीच नाही हो," बाई फोनवर सांगू लागल्या.

शेजारच्या टेबलावरचे नोंदणीचे काका उठलेच. "असं कसं? एक शिंपी आहेत. मीच नोंदवलंय त्यांना. त्या म्हाताऱ्याला विचार बघू."

बाईंनी मला उघडलं. दहा सेकंद झाले. त्यांचं बोट हललं, तसा काकांनी माऊसच उचलून घेतला. "अगं, किती हाकशील त्याला? शोधू दे की."

मी एकेक नोंद पाहत गेलो. जीव अगदी मेटाकुटीला आला. पार शेवटाजवळ शिंपी सापडला. अर्ध्या तासात तो हजर झाला, गळ्यातली टेपसुद्धा काढायची विसरून. बाळंतीण वाचली.

संध्याकाळी बाईंनी त्या नव्याची खिडकी नीट पाहिली. तळाशी बारीक अक्षरांत होतं: "फक्त पहिल्या हजार नोंदी." ही मर्यादा काढायची त्यांच्याकडूनच राहिली होती. काढल्यावर त्यालाही अर्धं मिनिट लागलं. बिचाऱ्याचा काय दोष?

"आणि आज या म्हाताऱ्याला किती लागला वेळ, पाहिलंस?" काका म्हणाले. "तीस सेकंद. मध्येच बटण दाबलं नाहीस, म्हणून दहा वाचले."

बाईंनी तक्त्यातलं "चाळीस" खोडलं.

पुढच्या वर्षी इथले संगणक बदलणार आहेत. त्यांच्यावर मी चालणार नाही, आणि मला त्याचं वाईटही वाटत नाही. माझ्या जागी जो येईल, त्याला एकदाच सांगा आणि थांबा. बारा वर्षांत मला कुणी काम एका दमात संपवू दिलं, ते त्या एका दुपारी.