कानात बोळे

“घे, आता मऊ झालाय,” म्हणत ओक्रानने तोंडातला च्युइंगम काढला, त्याचे दोन गोळे वळले, टाचणीने दोन्हींना एकेक बारीक भोक पाडलं आणि ते माल्सूनच्या तळहातावर ठेवले.

माल्सूनने ते मुकाट्याने घेतले. न घेऊन सांगते कुणाला? तिच्या तोंडात कवळी होती आणि कवळीला च्युइंगम चिकटला की सुरीने खरवडावा लागे. शिवाय डाव्या कानाचा पडदा तरुणपणीच एकदा फाटून कसाबसा सांधला होता. कानात पाणी गेलं की पंधरा दिवस डोकं गरगरायचं आणि पंधरा दिवस बुडी बंद. तेव्हा गेली सहा वर्षं ओक्रानचं उष्टं कानात घालून ती शंख काढायला समुद्रात उतरत होती.

ओक्रान तिच्याच वयाची, बासष्टची. पण दात शाबूत. बुडी आठ वाव खोल, तर माल्सूनची धापा टाकत पाच. भरीस भर, ओक्रानच्या मुलाने बुसान शहरातून खास रबरी बोळे पाठवलेले, निळे, छोट्या डबीतले. ते ती सकाळी घरूनच घालून यायची, दागिने घालावेत तसे.

“आम्हाला उष्टं आणि स्वतःला पार्सल,” माल्सून पुटपुटली, पण शेजारी ऐकू जाईल इतपत मोठ्याने.

ओक्रान नुसती हसली. ते हसूच माल्सूनच्या डोक्यात जाई. माणसाने टोमणा मारावा, समोरच्याने उलटून बोलावं, म्हणजे दोघांनाही बरं वाटतं. ही बया सहा वर्षं नुसती हसत आली होती.

आज तर जेजू बेटावरच्या पाणबुड्या बायकांच्या त्या दगडी आडोशातल्या प्रत्येकीचं लक्ष शेकोटीच्या वरच्या अंगाच्या दगडाकडे होतं. वारा पाठीशी, धूर कधी डोळ्यांत नाही, अशी ती मानाची जागा. या वसंतापर्यंत तिथे होंग आजी बसायची. एकदा होडी थेट तिच्या अंगावर आली, सगळ्यांनी बोंबलून हाका मारल्या, आजीला एकही ऐकू आली नाही. नियम म्हणजे नियम. हाक ऐकू न येणारीने खोल पाण्यात जायचं नाही. आजीला म्हाताऱ्यांच्या उथळ पाण्यात धाडलं आणि दगड रिकामा झाला. तिथे कोण बसणार, ते गो काकी आज बुड्या संपल्यावर सांगणार होती. काकी सगळ्यांची म्होरकी. ओक्रानचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं, आणि तिच्या मागे कुणाचं आलंच तर माल्सूनचं.

रबरी टोपी चढवताना ओक्रानने बोळे काढून शेजारच्या दगडावर ठेवले आणि ती बुडीच्या चष्म्याची काच धुरकटू नये म्हणून दवण्यासारख्या पाल्याने पुसायला पाण्याकडे गेली. माल्सूनने इकडेतिकडे पाहिलं. मनात म्हटलं, आठ वाव काय ही छातीच्या जोरावर जाते? कान कोरडे असले तर मीही जाईन. च्युइंगमचे गोळे तिने वाळूत टाकले, निळे बोळे कानात कोंबले आणि वरून टोपी ओढली.

ओक्रान परत आली. दगड चाचपला, खाली वाकून पाहिलं. चेहरा जरा उतरला, मग तिने टोपी ओढली.

पाण्यात सुरुवातीला सुख होतं. चार वाव, पाच वाव, कान ठणठणीत कोरडे. साडेपाच वावांवर माल्सूनला मुठीएवढा शंख मिळाला. मग ती सहाव्या वावाला गेली आणि दोन्ही कानांत कुणी अंगठे रोवल्यासारखं झालं. बोळे आत आत शिरत होते. ती कशीबशी वर आली, टोपी ओरबाडली, डाव्या कानातला बोळा उपसून काढला तसा तो हातातून निसटून गेला. कानात पाणी शिरलं, आभाळ कुठे आणि पाणी कुठे ते कळेना. शंखांची जाळी अडकवलेल्या आपल्या तरंगत्या गोळ्याला मिठी मारून ती ओरडली, “ओक्रान!”

ओक्रान वीस हातांवर होती, पाठमोरी. वळली नाही.

“ओक्रान! अगं, मेले मी!”

तरीही नाही. माल्सूनच्या लख्ख ध्यानात आलं. हिला चोरी कळलीय आणि ही सूड उगवतेय. तिसरी हाक तिने शिवी घालूनच मारली.

पुढची बुडी मारण्याआधी ओक्रानने सहज मान वळवली. माल्सून दिसली मात्र, ती पाणी कापत आली. भीतीने तिचंच तोंड पांढरंफटक पडलं होतं.

“हाक का नाही मारलीस, शहाणे?”

“तीन मारल्या!”

ओक्रान तिच्या ओठांकडे बघत राहिली. “सावकाश बोल. काय म्हणालीस?”

माल्सूनने गोळा आणखी घट्ट धरला. गरगरत्या डोक्यातही तिला उमगलं.

तिच्या उजव्या कानातला निळा बोळा ओक्रानला दिसला. तो तिने हळूच काढला. “याला भोक नसतं, पाण्याचा दाब त्याला आत ढकलतो. पोरांच्या पोहायच्या तलावातला आहे हा. मी तरी पाण्यात कुठे घालते? टोपी चढवताना गुपचूप काढून ठेवते.”

“मग घालून मिरवतेस कशाला?” माल्सूनने एकेक शब्द सुटा करत विचारलं.

“कानात बोळे दिसले की ऐकू का येत नाही ते कुणी विचारत नाही. डावा गेला सहा वर्षांपूर्वी. उजवा जायच्या वाटेवर आहे.”

“आणि मी तुला इतकी वर्षं बोलत होते ते?”

“काय बोलत होतीस?”

“काही नाही. हवापाण्याचं.”

सहा वर्षांचे एकाहून एक टोमणे, रात्री पडल्यापडल्या जुळवलेले, एकही पोचला नव्हता. माल्सूनला ओक्रानचा राग आला, मग स्वतःचा आला.

संध्याकाळी शेकोटीत रताळी खुपसत, पाठमोरीच, गो काकी म्हणाली, “ओक्रान, ऊठ. बस त्या दगडावर.”

ओक्रान ज्वाळांकडे बघत बसली होती. कानात बोळे नव्हते.

काकी वळली. “ओक्रान?” दोघीतिघींनी एकमेकींकडे पाहिलं.

माल्सूनने नुसतं गप्प बसायचं होतं. तेवढंच पुरेसं होतं. आणखी एक हाक वाया गेली असती की दगड तिचाच. तिला तो हवा होता, अजूनही.

तिने कोपराने ओक्रानला ढोसलं. “ऊठ गं बाई, की आरती ओवाळून नेऊ?” मग सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली, “मला ओढून आणताना हिच्या कानांत पाणी गेलंय, काकी! हिचे बोळे मी चोरले होते.”

आडोशात हशा पिकला, आणि “चोरटी मेली” असंही कुणी म्हणालं. ओक्रान उठून दगडावर बसली.

डोकं गरगरायचं थांबायला पंधरा दिवस गेले. सोळाव्या दिवशी माल्सून आली आणि ओक्रानच्या उजव्या अंगाला बसली, धुरात. ओक्रानने च्युइंगम चघळून दोन गोळे तिच्या हातावर ठेवले. एक माल्सूनने डाव्या कानात घातला. दुसरा तिने बाहीत सरकवला.

“दुसरा?” ओक्रानने खुणेने विचारलं.

“राहू दे उघडा. दोघींत ऐकणारा एक तरी हवा.”

पाणी थंड होतं. उजव्या कानात ते सुईसारखं टोचलं. माल्सूनने एक शिवी हासडली आणि ओक्रानच्या तरंगत्या गोळ्यापासून दहा हातांवर आपलाही सोडला.