मागाची खोटी साक्ष

मित्रांनो, मी सोलापुरातला एक जुना यंत्रमाग आहे. टॉवेल विणणे हे माझे काम. अंग ओतीव लोखंडाचे, आडवा धागा नेणारा धोटा लाकडाचा. तो मिनिटाला शंभराहून अधिक वेळा या टोकाकडून त्या टोकाकडे फेकला जातो, आणि त्याचा असा आवाज होतो की शेजारी उभ्या माणसाशीही ओरडूनच बोलावे लागते. माझ्याबद्दल लोक बरेवाईट पुष्कळ बोलले. त्याचे मला काही नाही. पण एका लहान मुलीच्या बाबतीत माझी साक्ष काढली गेली आणि ती खोटी होती. तो राग अजून माझ्या मनातून जात नाही.

मालक गुरुसिद्धप्पांनी मला आणले. घराच्या मागच्या अंगाला पत्र्याची शेड, खाली शहाबादी फरशी आणि आम्ही चार माग. त्यांच्या हातचे तेल मला रोज मिळे. खंडेनवमीला हळदकुंकू लागे. माझा टॉवेल पाच वर्षे धुतला तरी विरत नाही, असे ते गिऱ्हाइकाला छातीठोकपणे सांगत. ते गेले आणि कारभार त्यांचा मुलगा सोमेश पाहू लागला. तेल आठवड्यावर गेले, पुढे आठवण होईल तेव्हा. मी कुरकुरत का होईना, विणत राहिलो.

माझ्याबरोबर पहिल्या दिवसापासून होती ती पारूबाई. धोट्यात घालायच्या कांड्यांवर सूत भरायचे तिचे काम. अठ्ठावीस वर्षे ती माझ्यापासून चार हातांवर बसली.

सोमेशला मुलगी झाली, शिवानी. जन्मतःच तिला कावीळ जोरात होती, दहा दिवस काचेच्या पेटीत ठेवले होते. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी सांगितले होते, महिन्याभरात हिच्या कानांची तपासणी करून घ्या. सोमेशच्या आई चन्नम्मा यांनी ते हसण्यावारी नेले. "कान बघा की, शंखासारखे हायेत. त्यात काय तपासायचं?" तो कागद ट्रंकेत गेला.

सोमेशची बायको सिद्धेश्वरी टॉवेलांना शिलाई मारायला शेडमध्ये बसे, म्हणून बाळाची झोळीही इथेच बांधली. आम्ही चारही माग गर्जत असायचो आणि शिवानी गाढ झोपलेली असायची. आल्यागेल्याला चन्नम्मा कौतुकाने सांगत, "आमची पोर लई गुणाची. एवढ्या आवाजात बी डोळा उघडत न्हाय." खरे सांगतो, मलाही अभिमान वाटे. माझा आवाज तिला अंगाईसारखा लागतो, असे मी समजत होतो.

शंका पहिल्यांदा पारूबाईला आली. एकदा वीज गेली, आम्ही सगळे एका क्षणात गप्प झालो. शेजारच्या शेडमधले तान्हे बाळ त्या अचानक शांततेने जागे होऊन रडू लागले. शिवानी हललीसुद्धा नाही.

"अव्वा," पारूबाई चन्नम्मांना म्हणाली, "माजी लेक राजश्री माग थांबला की दचकून उटायची. ही बगा, ढिम्म."

"तुझी राजश्री चिडकी होती गं पारू," चन्नम्मा हसल्या. "ही आमच्यावर गेलीय."

विषय संपला. कांड्या भरणाऱ्या बाईचे म्हणणे कोण मनावर घेतो?

सात महिन्यांची असताना शिवानी तोंडाने बा-बा करायची. पुढे ते वाढायच्या ऐवजी कमी होत गेले आणि थांबले. पहिल्या वाढदिवसाला हाक मारली तरी ती वळेना. समोर जाऊन हात हलवला की मात्र खुदकन हसे. कोणी बोलू लागले की त्याच्या ओठांकडे टक लावून पाही. आईची हनुवटी दोन्ही हातांनी धरून तोंड आपल्याकडे वळवून घेई. काही हवे असले की बोट दाखवी, नाही मिळाले की फरशीवर डोके आपटी. दीड वर्षाची झाली तरी एक शब्द नाही. आणि घरातली मोठी, शिकलेली माणसे म्हणत होती, पोर हट्टी आहे.

कारणे तयारच होती. "सोमेश तरी कुटं बोलला, तीन वर्सांचा होईस्तोवर?" चन्नम्मांचे एक कारण हे. दुसरे असे, की आजी तिच्याशी कानडी बोलते, आई मराठी, पोर दोन भाषांत गोंधळले आहे. सोलापुरातली हजारो मुले दोन भाषांत वाढतात आणि दोन्हींत भांडतात, हे कोणाच्या लक्षात आले नाही.

सिद्धेश्वरीने एकदा धीर करून विषय काढला, की मागून हाक मारली तर ही बघतच नाही. चन्नम्मा तिच्यावर उखडल्या. "आई असून पोरीत खोट काढतीस? सोमेश, माग सुरू कर रे!"

सोमेशने माझी मोटर चालू केली. शिवानी माझ्याकडे पाठ करून फरशीवर अनवाणी उभी होती. माझा पहिला दणका बसताच ती गर्रकन वळली आणि माझ्याकडे पाहून हसली.

"झालं की समाधान?" चन्नम्मा म्हणाल्या. "ऐकू येतंय नव्हं?"

त्या दिवसापासून कोणी शंका घेतली की मला सुरू करत. मुलगी वळे. माणसे निश्चिंत होऊन चहा पीत. मित्रांनो, मला वाचा असती तर मी ओरडलो असतो, की अहो, तिच्या पायांकडे बघा! फरशी माझ्याबरोबर थरथरते आहे!

हे फक्त पारूबाईला कळले, कारण तिचे स्वतःचे कान माझ्या शेजारी बसून केव्हाच अधू झाले होते. एका दुपारी ती कांड्या टाकून उठली.

"सोमेश मालक, मला बी माग सुरू झालेला पायातनं कळतो, कानातनं न्हाय. पोरीला त्या गठ्ठ्यावर बसवा. पाय वर. मंग करा सुरू."

"आता तू डॉक्टर झालीस व्हय?" चन्नम्मा म्हणाल्या.

"न्हाय झाले, अव्वा. पर एकदा बसवा की. खोटं निगालं तर उद्यापासनं कामावर येत न्हाय."

सिद्धेश्वरीने कोणाकडे न पाहता मुलीला उचलले आणि टॉवेलांच्या उंच, मऊ गठ्ठ्यावर भिंतीकडे तोंड करून बसवले. हातात एक रिकामी कांडी दिली. सोमेशने खटका दाबला.

मी सगळ्या ताकदीने ओरडलो. तेल नसलेल्या माझ्या सांध्यांनी जेवढा आवाज निघेल तेवढा काढला. सोमेशने दुसरा माग लावला, तिसरा, चौथा. मग पान्हा घेऊन तिच्या पाठीमागे पत्र्यावर बडवला. शिवानी कांडीवरचे उरलेले सूत शांतपणे सोडवत होती. सिद्धेश्वरीने तिला खाली फरशीवर ठेवले. पाय टेकताच ती वळली, आणि माझ्याकडे पाहून हसली.

चन्नम्मांनी ट्रंकेतला तो कागद आणून सोमेशच्या हातात दिला.

दुसऱ्याच सकाळी सोमेश आणि सिद्धेश्वरी मुलीला घेऊन दवाखान्यात गेले. मुलीला झोपवून, डोक्याला तारा लावून तपासणी झाली. दोन्ही कानांना फारच कमी ऐकू येत होते. कानात घालायची यंत्रे मिळाली, बोलायला शिकवणाऱ्या बाई मिळाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बोलणं शिकण्याचे सगळ्यात मोलाचे दिवस गेले. आता एकही घालवू नका." यंत्र लावल्यावर माझा गोंगाट आणि आईचा शब्द एकत्रच कानात शिरतात, म्हणून सोमेशने मागांपासून लांब, जुळे सोलापूर या वस्तीत दोन खोल्या घेतल्या. शिवानी माझ्यापासून दूर गेली. योग्यच झाले.

गेल्या दिवाळीत सोमेशने चारही माग थांबवले आणि पारूबाईसमोर मोबाईल धरला. शिवानी आता तीन वर्षांची होती. तिचा आवाज आला, जड, अडखळता: "पा... लू."

पारूबाईने मोबाईल एका कानाला लावला, मग दुसऱ्या. परत देत म्हणाली, "मला न्हाय येत ऐकू, मालक. तुमीच सांगा, काय म्हनली?"

सोमेशने तिच्या कानाशी ओरडून तिचेच नाव सांगितले. ती हसली. तिचे कान तपासावेत असे मात्र अठ्ठावीस वर्षांत कोणालाच सुचले नव्हते. मी तिचे कान खाल्ले, हे मी कबूल करतो. माणसांनी काय करायचे ते माणसांनी ठरवावे.

जानेवारीत पारूबाई वारली. राजश्री येऊन तिचा डबा आणि चपला घेऊन गेली. जाताना तिने माझ्या चौकटीवरून हात फिरवला.

मित्रांनो, तुमच्या घरी लहान भावंड असेल. ते वाजत्या मागाजवळ, डीजेजवळ शांत झोपते म्हणून कौतुक करू नका. ते बडबडता बडबडता गप्प झाले, हाकेला वळेना, तर मोठ्यांच्या मागे लागा. ताट आपटून, जमीन हादरवून परीक्षा घेऊ नका, तपासणीला न्या. मोठी माणसे हसतील, रागावतील. रागावू द्या. आणि माझ्यासारखे कोणी घरात गर्जत असेल, तर त्याचा खटका बंद करा. एक टॉवेल कमी विणला तर कोणाचे काही अडत नाही.