पेपरमिंटचं बियाणं

बियाणं धरावं ते माझ्या धाकट्या भावाने, पुंजारामने. वांगं असो की पालक, वाफ्यातलं सगळ्यांत चांगलं झाड तो बियाण्याला सोडतो आणि त्याला चिंधी बांधतो. मग घरातलं कोणी त्याला हात लावत नाही.

दिवाळीनंतर त्याची सून पौर्णिमा अकोटहून, माहेरून, पेपरमिंटचं एक रोप घेऊन आली. दोन जातींच्या पुदिन्याचा संकर, दांडी जांभळट. पहिल्यांदा तिने त्याची चटणी वाटली. पुंजाराम घास खाऊन म्हणाला, "चटणी हाय का मंजन?"

आधी पौर्णिमाच हसली. दुसऱ्या दिवशी तिने दोनच पानं चुरून ताकात टाकली. पुंजारामने पेल्यावर पेला रिचवला, आणि खूश होऊन त्या झाडालाच चिंधी बांधून आला.

"मामाजी, याले बी येत नाई," ती म्हणाली. "ऊन तापायच्या आधी मुळ्या तोडून लावू द्या. एकच झाड हाय, वैशाखात जळून जाईन."

"फूल येते अन् बी येत नाई? मले नको शिकवू."

तुरे आले, वाळायला लागले. खालची पानं करपली. पौर्णिमा रोज त्यावर ओलं गोणपाट धरायची, पण चिंधी सोडायची नाही.

मी म्हटलं, "गुपचूप एक मुळी काढून घे ना."

"चोरून लावलेलं झाड रोज लपवा लागते, मोठे मामाजी."

शेवटी एका सकाळी तिने पुंजारामपुढे सूप ठेवलं. "तुरे तुमीच खुडा, तुमीच पाखडा. एक दाणा निघाला तं मी गप बसते."

त्याने तुरे चोळले, पाखडले, चष्मा लावून पाहिले. सुपात काहीच उरलं नाही. स्वतःच्या डोळ्यांशी त्याने वाद घातला नाही. खुरपं घेऊन मुळ्या मोकळ्या करायला बसला.

"कुठी लावाच्या वं?"

"कूलरच्या मागं. तिथं पाणी ठिबकते, वलं राहते."

बऱ्याच मुळ्या वाळून गेल्या होत्या. दोनच जगल्या, पण भर वैशाखात कूलरमागची जागा त्यांनी हिरवी केली.

परवा शेजारची बेबीताई ताक पिऊन म्हणाली, "पुंजारामभाऊ, याचं बी द्या ना थोडं."

"बी नाई होत याले. पौर्णिमेले माग. थे मुळी देईन, अन् कुठी लावाची थेबी सांगीन."