माझे गुरू म्हणतात

शरदचंद्र करंदीकरांना यातून मिळणार होतं ते एवढंच: निवृत्तीनंतरही कुणीतरी 'सर' म्हणेल. म्हणून ते टोरांटोत एलीला, ज्यू धर्मगुरू होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला, वर्तमानपत्रात लिहायला शिकवू लागले.

एलीच्या लेखात दर दोन ओळींनी 'माझे गुरू म्हणतात' यायचं. सरांनी ते सगळं खोडलं.

"सर, आमच्यात ज्याचा विचार, त्याचं नाव घ्यावंच लागतं."

"मग लेखही त्यांनाच लिहू दे की. तुझा आवाज कुठाय, बाबा?"

एलीनं खोडलेलं तसंच राहू दिलं.

लेख छापून आला. विचार गुरूंचे, नाव एलीचं, शेवटी आभार सरांचे. म्हाताऱ्या गुरूंनी तो वाचला आणि एलीला शिकवणं थांबवलं. सरांच्या माफीच्या पत्रालाही उत्तर आलं नाही.

एली मात्र दर मंगळवारी येत राहिला, 'सर' म्हणत राहिला. सरांना हवं ते मिळालं. गुरू गमावले ते एलीनं.